पंधरा दिवस परक्या हातात

“तुमच्या सहीला काय हिरे जडलेत का, मिस्त्री?”

असं आमचे विभागप्रमुख बसवेश सर म्हणाले आणि मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला. तेव्हा गावाला उस्मानाबाद म्हणायचे, आता धाराशिव म्हणतात. मी तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात झाडलोटीला होते. वर्कशॉपात लेथ मशीनच्या मागं लोखंडाचा चुरा साचतो, तो गोळा करायचं काम माझं. झाडणारं माणूस कुणाला दिसत नसतं, त्यामुळं दुसरीत शाळा सुटली तरी कॉलेजातलं पुष्कळ माझ्या कानावर पडलं.

“हिरे न्हाईत सर, शाईच हाय,” जैनोद्दीन मिस्त्री म्हणाले. “पर शाई माझी हाय.”

“परीक्षा झाली, मार्क पडले, पेपरात फोटो आला. आता तुम्ही म्हणता सही चुकली. मी काय करू त्याला?”

“तुमी काय करू नका. मी म्हणतोय ते एवढंच, की हितनं पुढं यंत्र पंधरा दिवस परक्या हातात ऱ्हाईल, मग मी सही करीन. त्याच्या आधी न्हाय.”

“विद्यापीठाच्या कुठल्या नियमात आहे हे?”

“विद्यापीठाच्या न्हाय. माझ्या.”

“तुम्ही आयटीआयचे फिटर, मिस्त्री. इंजिनिअरांना नियम लावता?”

“लोखंडाला ठावं नसतं सर, कोण काय शिकलंय.”

सर तरातरा निघून गेले. जाता जाता माझ्या गोळा केलेल्या चुऱ्यावर पाय देऊन गेले, तो मी परत झाडला. मिस्त्री मला म्हणाले, “अक्का, तुमी काय ऐकलं न्हाय.” मी म्हणलं, “मला कुठं मराठी येतंय.”

भांडणाचं कारण सांगते. त्या वर्षी चार पोरांनी कडब्याची कुट्टी करायचं हातयंत्र केलं होतं. चांगलं केलं होतं, मी फिरवून बघितलं होतं. पात्यावर लोखंडी जाळी होती, हात आत जाऊ नये म्हणून. प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांना पातं फिरताना दिसावं म्हणून पोरांनी ती जाळी काढली आणि टेबलाखाली सरकवली. पाहुणे खूश, फोटो निघाला. मग यंत्र टेम्पोत चढलं आणि तामलवाडीला एका पोराच्या नात्यातल्या दैवशाला नावाच्या बाईच्या घरी गेलं. जाळी टेबलाखालीच राहिली. चौथ्या दिवशी दैवशालेच्या दोन बोटांचे शेंडे गेले. प्रोजेक्ट तपासला म्हणून रजिस्टरात सही होती ती मिस्त्रींची. त्यांनी तपासलं तेव्हा जाळी होती, खोटं काही नव्हतं. पण मिस्त्रींना ते पटवून घेता आलं नाही.

ते जाळी घेऊन स्वतः तामलवाडीला गेले आणि बसवून दिली. तेव्हा दैवशाला त्यांना म्हणाली, “मिस्त्री, जाळी असती तरी मी काढूनच ठिवली असती. कडबा अडकतो तिच्यात.” हे मिस्त्रींनी मला वर्कशॉपाच्या पायरीवर बसून सांगितलं. हातात चहा होता, तो निवून गेला होता.

आता मिस्त्री कोण ते नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कुणी हट्टी माणूस होता. हट्टी होतेच, पण तेवढेच नव्हते.

जैनोद्दीन मिस्त्री मूळचे तेरचे. वडील पत्र्याच्या बादल्या, डबे, चाळण्या करायचे. पत्रा कापायच्या आधी चारदा मोजायचा, हे तिथनं आलेलं. तेरहून रोज एसटीनं येऊन त्यांनी आयटीआय केलं, सोलापूरला एका कारखान्यात आठ-दहा वर्षं काढली आणि मग कॉलेजच्या वर्कशॉपात लागले. हुद्दा काहीतरी मोठा इंग्रजी होता. सगळे मिस्त्रीच म्हणायचे, आणि त्यांनाही तेच बरं वाटायचं.

पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोराला ते साबणाच्या वडीएवढा लोखंडाचा तुकडा द्यायचे आणि एक कानस. घासून घासून चौकोन करायचा. पोरगं तीन दिवस घासून, हाताला फोड आणून तुकडा घेऊन यायचं. मिस्त्री त्याला गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, लावून खिडकीकडं धरायचे आणि म्हणायचे, “उजेड दिसायलाय.” म्हणजे गुण्या आणि लोखंडाच्या मधी फट आहे. पोरगं परत घासायला. एकदा एकानं गावातल्या दुकानात मशीनवर तुकडा करून आणला, आरशासारखा. मिस्त्रींनी बघितला आणि म्हणाले, “लई झकास झालाय. ज्यानं केलाय त्याला घेऊन ये, त्याला पास करतो.”

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. दोन-चार पोरं मिळून काहीतरी यंत्र करायचं. खरं बोलायचं तर निम्मी पोरं पुण्याहून तयार प्रोजेक्ट खोक्यात घालून आणायची, फाइलसकट. ते वर्कशॉपात यायचंच नाही, त्यामुळं मिस्त्रींचा त्याला हात लागायचा नाही. वर्षाला दोन-तीनच टोळ्या अशा असायच्या की ज्या वर्कशॉपात उभं राहून लोखंड कापायच्या. त्यांना मिस्त्रींची सही लागायची. सही नसेल तर बनावटीचे, म्हणजे यंत्र स्वतः बनवल्याचे मार्क नाहीत, आणि ते मार्क नाहीत तर प्रोजेक्ट नापास. म्हणजे ज्यांनी हात काळे केले त्यांनाच कायदा, असं पोरं कुरकुरायची. प्राचार्यांपर्यंत गेलं. प्राचार्य हसले आणि म्हणाले, राहू द्या, निदान पोरं काम महिनाभर आधी संपवतील. तसा नियम राहिला.

नियम असा. यंत्र तयार झालं की ज्याच्यासाठी केलं तसल्या माणसाच्या घरी जाणार. करणाऱ्या पोरांनी तिथं जायचं नाही, शिकवायचं नाही, हात लावायचा नाही. मिस्त्रीही तपासायला जाणार नाहीत. पंधरा दिवस झाले की सकाळी मिस्त्री त्यांच्या एक्सेल मोपेडवर येणार, खाली बसणार, खिशातनं वही काढणार आणि तीन गोष्टी विचारणार. कुठं रुतलं? कुठं चिडलात? काय काढून ठेवलं? मग यंत्र गाडीला बांधून परत, पोरं दुरुस्ती करणार, मग सही.

पुढच्याच वर्षी गुडघे गेले आणि मी कॉलेजचं काम सोडलं. माझं घर कॉलेजच्या भिंतीलाच लागून, दोन पत्र्याच्या खोल्या आणि पुढं पडवी. मिस्त्री म्हणाले, “अक्का, तुमच्याइतकं परकं मला जवळ कुणी न्हाय.” तेव्हापासून बायकांच्या कामाची यंत्रं माझ्या पडवीत यायला लागली. तेरा आली. भाकरी थापायचं एक आलं. भाकर गोल यायची, पण फुगायची नाही. मी म्हणलं, पोरांना सांगा पापड झाला, भाकर राहिली. शेंगा फोडायचं एक आलं, त्याच्या आवाजानं शेजाऱ्याची शेळी दावं तोडून गेली ती संध्याकाळी सापडली. मिस्त्रींनी विचारलं, “कुठं चिडलात?” मी म्हणलं, “मी न्हाय, शेळी चिडली.” त्यांनी वहीत तसंच लिहिलं.

तर आता ज्या वर्षाचं सांगायचं ते हे वर्ष. मिस्त्रींच्या नोकरीचं शेवटचं. एकतीस मेला त्यांचं रिटायर होणं होतं.

त्यांचा धाकटा मुलगा अरफात त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या टोळीत दोघंच, दुसरी शिवकन्या म्हणून एक मुलगी होती, माकणीची. घरी मेंढरं. बाप अर्धं वर्ष मेंढरांमागं हिंडणारा, आणि पोरगी वेल्डिंगचा चष्मा लावून ठिणग्या उडवणारी. तिला पुण्याकडच्या एका कारखान्यात जागा मिळाली होती. जूनमध्ये पास झाल्याचा कागद घेऊन यायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. प्रोजेक्ट अडला की वर्ष अडलं, आणि वर्ष अडलं की जागा गेली, असं सरळ होतं.

त्यांनी चिंचेतला चिंचोका काढायचं यंत्र केलं. आमच्याकडं उन्हाळ्यात घरोघरी बायका चिंच फोडत बसतात. दगडावर ठेवून हातोडी मारायची, चिंचोका वेगळा, गर वेगळा. संध्याकाळपर्यंत बोटं चिकट आणि कंबर गेलेली. पोरांच्या यंत्रात दोन रूळ होते, एक खरबरीत आणि एक रबराचा. वरनं चिंच टाकायची, दांडा फिरवायचा, इकडनं गर आणि तिकडनं चिंचोका. आधी त्यांनी ते टेबलाएवढं उंच केलं होतं. मिस्त्रींनी विचारलं, “चिंच फोडणारी बाई उभी बघितली का कवा?” पोरांनी चारी पाय कापले.

सात मेला यंत्र माझ्या पडवीत आलं. परीक्षा सत्तावीसला होती. पंधरा दिवस आरामात बसत होते.

चार दिवसांनी कॉलेजात कागद लागला की बाहेरच्या परीक्षकांना दुसरी वेळ नाही, परीक्षा अठरा आणि एकोणीसला.

त्या दिवशी दुपारी दोघं पोरं माझ्या फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. आत यायचं नाही असा नियम, म्हणून बाहेरच. मिस्त्री जेवायला घरी निघाले होते, त्यांना रस्त्यातच धरलं.

“मिस्त्री, एक हिशेब दाखवायचाय,” अरफात म्हणाला. कॉलेजच्या कामात बापाला अब्बा म्हणायचं नाही, असा घरचा कायदा होता.

“दाखीव.”

“आजी रोज दोन तास चालवतात. पंधरा दिवसांचे तीस तास. सहा बायका आळीपाळीनं बसवल्या तर तीस तास तीन-चार दिवसांत होतात. यंत्र तेवढंच झिजतं.”

मला हिशेब पटला. मिस्त्रींनी गाडी स्टँडवर लावली.

“यंत्र तेवढं झिजतं, बरूबर. बाईची भीती न्हाय झिजत.”

“म्हंजी?”

“पहिलं आठ दिवस माणूस यंत्राला जावयासारखं वागवतं. दबकून ऱ्हातं, सांगितलंय तसंच करतं. नववा-धावा दिवस लागला की जावई घरचा होतो. मग बाई शेजारणीशी बोलत बोलत हात घालती. परीक्षा तिथनं सुरू होती बाळा. तुमी सहा बायका बसवल्या तर सहा जणी भिऊन बसतील, दुसरं काय.”

शिवकन्या पुढं झाली आणि म्हणाली, “चाचा, माझी जागा जाईल.”

“जाईल का न्हाय ते मला ठावं न्हाय, बेटा.”

“तुम्ही सही केली तर नाही जाणार.”

“मी सही करतो म्हंजी काय लिहितो, वाच बरं.”

तिला पाठ होतं. सगळ्यांनाच असायचं. “यंत्र पंधरा दिवस परक्या हातात चाललं, दोष काढले, चालू आहे.”

“मग चाललंय का पंधरा दिवस?”

अरफात म्हणाला, “मग आम्ही नापास व्हायचं.” बापानं गाडीला किक मारली आणि म्हणाला, “जेवायला चल, तुझी अम्मी थांबली असल.” अरफात गेला नाही. दोघं पोरं पायी कॉलेजकडं गेली.

दोन दिवसांनी सकिनाबी माझ्याकडं आल्या. मिस्त्रींची बायको. कधी कुणाची चहाडी न करणारी बाई, पण त्या दिवशी पडवीत बसल्या आणि त्या यंत्राकडं सवतीकडं बघावं तसं बघत राहिल्या.

“दुसऱ्याची पोरं अडवली तवा मी कधी काय बोलले नाही अक्का. आता स्वतःचं अडवायलेत.”

“लोक म्हणतील बापानं पोराला सोडलं, म्हणून भीत असतील.”

“लोकाला भितेत ते? लोकाला भिले असते तर लई बरं झालं असतं. लोकाला समजावता येतंय.” मग म्हणाल्या, “पोरगं दोन दिवस झाले, बोलंना गेलंय त्यांच्याशी. ताटावर बसतंय, खातंय, उठतंय. हे विचारतेत, मीठ पुरे का? ते म्हणतंय, पुरे. तेवढंच.”

“मग आज मीठ घालूच नका,” मी म्हणलं. “दोन शब्द जास्त निघतील.”

हसल्या. पण जाताना मला हळूच विचारलं, “तुमीच सांगून टाका ना त्यांना, सगळं चांगलं चाललंय म्हणून.”

खोटं सांगावं तर पाप, म्हणून मी हो म्हणलं नाही. पण मनात ठेवलं.

इकडं मिस्त्रींनी काय केलं तर ते बसवेश सरांकडं गेले. त्या भांडणापासून दोघं कामापुरतंच बोलायचे. शिपायानं मला सांगितलं की मिस्त्री दारात उभे राहिले आणि बसा म्हणेपर्यंत बसले नाहीत. या टोळीला दुसऱ्या दिवशी सगळ्यांत शेवटी घ्या, असं म्हणाले. सर म्हणाले, “पंधरा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काही मागितलं, आणि मागितलं काय तर एक दिवस.” मिस्त्री म्हणाले, “तेवढाच कमी पडतोय.” सर म्हणाले, “एक नाही, दोन पडतात. एकोणीसला तेराच होतात.” मिस्त्री म्हणाले, “त्याचं बघू.” शिपाई म्हणतो, दोघांपैकी कुणाच्या तोंडून असलं ‘बघू’ त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

हे सांगायला मिस्त्री सोळा तारखेला माझ्याकडं आले. म्हणजे दहावा दिवस. यायचं नसतं, पण परीक्षेच्या दिवशी यंत्र चालवायला मीच लागणार होते, म्हणून निरोप द्यायला आले. करणाऱ्यानं परीक्षेत यंत्र फिरवायचं नाही, हाही त्यांचाच कायदा.

निरोप दिला, पाणी प्याले, आणि उठता उठता सवयीनं विचारलं, “कुठं रुतलं?”

“सकाळच्या गारव्यात चिंच चिवट ऱ्हाती, तवा रुततंय. दुपारी न्हाय.”

“कुठं चिडलात?”

“दांडा उजव्या अंगाला हाय. पोतं पण उजव्या अंगाला ठेवावं लागतंय. दोघांची भांडणं.”

“काय काढून ठेवलं?”

“काही न्हाय.”

मिस्त्री जाळीपाशी वाकले. रुळांवर जाळी होती, तीन स्क्रूनं बसवलेली. दोन स्क्रूंच्या डोक्यावरचा रंग निघाला होता. तिसरा स्क्रू नव्हताच, तो माझ्या हातून हरवला होता.

“अक्का, हात दाखवा.”

मी डावा दाखवला.

“दुसरा.”

मग दाखवावाच लागला. मधल्या बोटाचं नख काळंनिळं झालं होतं, वर हळद. झालं असं की जाळीत चिंचेचा गर चिकटायचा. साफ करायला तीन स्क्रू काढा, धुवा, परत लावा. पाच दिवस केलं. सहाव्या दिवशी म्हणलं, आता काय मी लहान आहे, आणि जाळी खुंटीला अडकवली. मिस्त्री आले त्याच दिवशी सकाळी शेजारची भुवनेश्वरी येऊन तिच्या जावेचं काहीतरी सांगत होती. गोष्ट रंगात आली आणि बोट रुळात. रबराचा रूळ होता म्हणून नखावर भागलं. मी जाळी परत लावली, हळद लावली आणि ठरवलं की बोलायचं नाही. पोरीची नोकरी माझ्या नखापायी जायला नको.

मिस्त्री पायरीवर बसले. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “पोरांना पास करायला तुमी खोटं बोलला. मी बोललो तर मात्र पाप.”

“तुमी सही करता. मला कोण विचारतंय?”

“तुमालाच तर विचारतोय अक्का, पंधरा वरीस झालं.”

ते वहीत लिहायला लागले. लिहून झाल्यावर म्हणाले, “यंत्र नेतो.” मी म्हणलं, परवा-तेरवा परीक्षा आहे. ते म्हणाले, “म्हनून तर आत्ता नेतो.”

पुढचं मला शिवकन्येनं सांगितलं. सतरा तारखेला सकाळी दोघं पोरं वर्कशॉपात आली. मिस्त्रींनी वही पुढं टाकली. अरफातनं वाचली आणि म्हणाला, “आजीनी जाळी काढायलाच नको होती. जाळीवर लिहिलंय की, काढू नका म्हणून.”

“आजी वाचायला बसली हुती का चिंच फोडायला?” मिस्त्री म्हणाले.

अरफातनं उपाय काढला की स्क्रूच्या जागी वेल्डिंग करू, म्हणजे निघणारच नाही. शिवकन्या म्हणाली, “मग धुवायची कशी? आजी हातोडीनं तोडतील.” पोरगी मला बरोबर ओळखून होती. मग तिनं सांगितलं की त्यांच्या मेंढवाड्याच्या फाटकाला एक लोखंडी खिळा असतो. फाटक लोटलं की तो आपल्या वजनानं खाली भोकात पडतो, कुणी लावावा लागत नाही. तसाच खिळा इथं लावायचा. जाळी जागेवर असली की ती खिळ्याला वर उचलून धरील. जाळी उचलली की खिळा चाकाच्या भोकात पडेल आणि दांडा फिरायचाच नाही. आणि जाळीला स्क्रू नको, नुसती वरनं ठेवायची.

अरफात म्हणाला, “स्प्रिंग लावू खिळ्याला.” बाप म्हणाला, “स्प्रिंग चिंचेत चिकटंल.” अरफात म्हणाला, “मग वजनानंच पडू दे, अब्बा.” तोंडातनं निघून गेलं. मिस्त्रींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कानस पुढं केली.

सतरा गेला, अठराची सकाळ गेली. भोक आधी थोडं बाजूला पडलं, ते बुजवून परत पाडलं. मिस्त्री शेजारी उभे होते, हात मागं बांधून. त्यांनी हत्याराला हात लावला नाही. अठराला दुपारी यंत्र गाडीवर बांधून माझ्या पडवीत आणून ठेवलं. मी जाळी उचलली, टक असा आवाज झाला आणि दांडा अडला. दोनदा जोर लावला. हलेना.

“आता?” मी विचारलं.

“आता आजपासनं पयला दिवस,” मिस्त्री म्हणाले. “यंत्र बदललं की गणती बदलती.”

म्हणजे तेरा दिवसही गेले. हातात एकच राहिला. मला वाटलं, ह्या माणसाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची हौसच आहे काय.

एकोणीसला संध्याकाळी चारला पोरांनी यंत्र उचलून कॉलेजात नेलं आणि मलाही नेलं. परीक्षक बाहेरचे, चष्मेवाले, दिवसभर खोक्यातले प्रोजेक्ट बघून कंटाळलेले. मी खाली बसले, म्हणून त्यांनाही वाकावं लागलं. मी एक शेर चिंच काढून दाखवली. मग ते म्हणाले, “जाळी काढून चालवा बरं, आत दिसू दे.” मी जाळी उचलली. टक. त्यांनी स्वतः दांडा ओढून बघितला. मग पँट वर ओढून फरशीवरच बसले आणि पोरांना विचारायला लागले. शिवकन्येनं मेंढवाड्याचं सांगितलं. अरफातनं माझ्या नखाचं सांगितलं, तेही मोठ्यानं, सगळ्यांपुढं.

परीक्षकांनी रजिस्टर मागितलं. मिस्त्रींनी ते आधीच भरून ठेवलं होतं. नेहमीची ओळ लिहिली नव्हती. परीक्षकांनी वाचून दाखवलं, म्हणून मला ठाऊक: “पहिल्या दहा दिवसांत जाळी काढली गेली, बाईच्या बोटाला इजा. दोष विद्यार्थ्यांनी स्वतः काढला. नवीन जाळी एक दिवस चालली आहे. चौदा दिवस बाकी आहेत.” खाली सही, जैनोद्दीन.

“म्हणजे तुम्ही पास म्हणताय की नाही?” परीक्षकांनी विचारलं.

“झालंय ते लिवलंय, साहेब. पास-नापास तुमचं काम.”

परीक्षकांनी बसवेश सरांकडं बघितलं. सर म्हणाले, “त्यांची सही आहे. आमच्याकडं ती चालते.”

बनावटीचे पूर्ण मार्क पडले नाहीत, चौदा दिवस बाकी होते त्याचे थोडे कापले. पण प्रोजेक्ट सुटला. शिवकन्या निकालाचा कागद घेऊन पुण्याला जाईल, अरफातही कुठं ना कुठं लागेल. त्या दिवशी दोघं बापलेक एकाच गाडीवर घरी गेले, आणि सकिनाबी म्हणतात की ताटावर अरफात चांगली चार वाक्यं बोलला, मीठ बरोबर असताना.

यंत्र परत माझ्या पडवीत आलं. मी म्हणलं, आता कशाला? परीक्षा झाली. मिस्त्री म्हणाले, “चौदा दिवस बाकी हाईत, असं लिवून दिलंय मी.”

एकतीस मेला कॉलेजात त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, भाषणं. बसवेश सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, यांच्याशी माझं कधी पटलं नाही, आणि यांच्यामुळं मला कधी खाली बघावं लागलं नाही. मिस्त्रींनी वर्कशॉपाच्या किल्ल्या दिल्या आणि घरी गेले.

दोन जूनला सकाळी आठ वाजता एक्सेलचा आवाज आला. मिस्त्री रोजच्या सदऱ्यात, खिशाला पेन. रिटायर झालेलं माणूस दिसत नव्हतं. खाली बसले, वही काढली.

“कुठं रुतलं?”

“सकाळची चिंच. अजून तसंच.”

“कुठं चिडलात?”

“पोत्याचं आन दांड्याचं भांडण मिटलं न्हाय.”

“काय काढून ठेवलं?”

“धा येळा प्रयत्न केला. काढली की फिरतच न्हाय, मग परत ठेवावीच लागती. तुमी पोरांना सांगा, लई आगाऊ यंत्र केलंय.”

त्यांनी सगळं लिहिलं. ‘आगाऊ’ पण लिहिलं असावं, कारण जरा थांबले. मग नख बघितलं, मुळाशी नवं नख जरासं वर आलं होतं. चहा प्याले, बिनसाखरेचा. यंत्र उचलून गाडीच्या मागं ठेवलं, टायरच्या ट्यूबच्या पट्टीनं दोन आडवे वेढे, एक उभा, गाठ मारून हलवून बघितलं. जाळी वेगळी कागदात गुंडाळून पिशवीत घातली आणि पिशवी हँडलला अडकवली.

“अक्का, फाटक जरा धरा,” म्हणाले. मी फाटक धरलं. ते गाडी ढकलत रस्त्यावर आले, किक मारली आणि कॉलेजच्या दिशेनं गेले, यंत्र जमा करायला.